एकच कंडेन्सर माईक, अनेक कामं: आवाज रेकॉर्डिंगसाठी माईक कसा निवडायचा?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण माईकबद्दल बोललो. व्हिडिओत सगळे आकडे सांगत बसलो असतो तर तुम्ही अर्ध्यातच बंद केला असता, म्हणून आकडे, हिशोब आणि चाचण्या इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. हा धडा वाचून झाल्यावर लगेच माईक मागवू नका, शेवटी दिलेला गृहपाठ आधी करा. का, ते सांगतो.

सुरुवात माझ्या चुकीपासून

माझ्या एका बॅचमध्ये सांगलीकडच्या एक ताई होत्या. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय. हाताला चव, बोलायला मोकळ्या. मसाले कसे भाजायचे, वर्षाचा साठा कसा करायचा, यावर त्यांनी मराठीत ऑनलाइन कोर्स काढायचं ठरवलं. वर्गात त्यांनी विचारलं, "सर, माईक कुठला घेऊ?" मी घड्याळाकडे बघत उत्तर दिलं, "ताई, एक चांगला कंडेन्सर घेऊन टाका, आवाज स्टुडिओसारखा येईल."

त्यांनी भिशीचे पैसे उचलले आणि माईक घेतला. चार महिन्यांनी मी कोर्सचं काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "राहू द्या सर. माझा आवाजच रेकॉर्डिंगला चांगला नाही."

मला ते लागलं. पुढच्या वेळी तिकडे गेलो तेव्हा मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. त्या रेकॉर्डिंग करायच्या ती खोली बघितली: कोटा फरशी, उघड्या भिंती, स्टीलची दोन कपाटं, वर पत्रा. माईक टेबलावर हातभर लांब ठेवलेला, आणि त्या माईकच्या टोकाकडे बघून बोलत होत्या. त्या माईकचं तोंड टोकाला नव्हतंच, ते बाजूला होतं! चार महिने त्या चुकीच्या खोलीत, चुकीच्या अंतरावरून, माईकच्या डोक्याशी बोलत होत्या. आणि दोष कुणाला दिला? स्वतःच्या आवाजाला.

चूक त्यांची नव्हती, माझी होती. मी वस्तूचं नाव सांगितलं, निवड कशी करायची ते शिकवलं नाही. आजचा धडा ती चूक दुरुस्त करण्यासाठी आहे.

कंडेन्सर म्हणजे नेमकं काय?

माईकचं काम एकच, हवेतली थरथर विजेत बदलायची. ते करण्याच्या दोन मुख्य पद्धती आपल्या कामाच्या आहेत.

डायनॅमिक माईकमध्ये पडद्याला तारेची बारीक गुंडाळी चिकटवलेली असते आणि ती चुंबकाच्या क्षेत्रात हलते. दणकट प्रकार. सभेत, कीर्तनात, ऑर्केस्ट्रात हातात धरतात तो बहुतेक वेळा हाच. पडला तरी सहसा चालतो.

कंडेन्सर माईकमध्ये एक अतिशय पातळ, धातूचा मुलामा दिलेला पडदा असतो आणि त्याच्या मागे अगदी जवळ एक स्थिर पट्टी. दोन्ही मिळून कपॅसिटर तयार होतो. आवाजाने पडदा हलला की दोघांमधलं अंतर बदलतं आणि त्यातून विजेचा संकेत मिळतो. पडद्याला गुंडाळीचं ओझं नसतं, म्हणून तो बारीकसारीक आवाजही टिपतो: श्वास, ओठांची हालचाल, मोहरी तडतडते तेव्हाची ती करकर.

ही कल्पना जुनी आहे. १९१६ साली ई. सी. वेंटे या अमेरिकन संशोधकाने असा माईक तयार केला. १९२८ मध्ये जर्मनीत जॉर्ज नॉयमन यांच्या कंपनीने तो बाजारात आणला. १९६२ मध्ये बेल लॅब्समध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट प्रकार शोधला. त्यात पडद्याजवळच्या थरात विद्युतभार कायमचा साठवलेला असतो. त्यामुळे कंडेन्सर छोटा आणि स्वस्त झाला. कॉलरला लावायचा माईक बहुधा याच घराण्यातला.

कंडेन्सरला आतल्या सर्किटसाठी वीज लागते. स्टुडिओ माईकला ती त्याच केबलमधून दिली जाते. तिला फँटम पॉवर म्हणतात आणि ती ४८ व्होल्टची असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिशोबात येणार आहे.

पहिली निवड माईकची नाही, खोलीची

बहुतेक जण इथेच घसरतात. क्रम असा ठेवा: आधी खोली, मग काम, मग जोडणी आणि शेवटी माईक.

"कंडेन्सर आजूबाजूचा सगळा गोंगाट पकडतो, डायनॅमिक पकडत नाही," असं तुम्ही ऐकलं असेल. हे अर्धसत्य आहे. दोन्ही माईकचा पकडण्याचा आकार एकच असेल आणि दोन्ही तोंडापासून सारख्याच अंतरावर असतील, तर तुमचा आवाज आणि गोंगाट यांचं प्रमाण जवळपास सारखंच येतं. फरक पडतो तो सवयीमुळे. डायनॅमिक आपण ओठांजवळ धरतो, कंडेन्सर लांब ठेवतो.

अंतराचा नियम पाठ करून टाका: अंतर अर्धं केलं की तुमचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे माईक हातभर लांबून एक वीत अंतरावर आणलात की एक पैसाही न खर्च करता रेकॉर्डिंग सुधारतं.

आता खोलीच्या दोन चाचण्या. मोबाइलवरही करता येतात.

*टाळीची चाचणी:* खोलीच्या मध्यभागी उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. मागून "टर्रर्र" किंवा "टँग" असा शेपटासारखा आवाज आला तर खोली घुमते. टाळी कोरडी, जागच्या जागी संपली तर उत्तम.

*शांततेची चाचणी:* पंखा बंद, खिडक्या बंद. एक मिनिट काहीही न बोलता रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. फ्रिज, इन्व्हर्टरची घुंई, शेजारचा कुकर, रस्त्यावरची रिक्षा, जिन्यातली वर्दळ, काय काय आहे ते कागदावर लिहा. जे बंद करता येतं ते बंद करा. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे बाहेर पडताना तो परत चालू करायला विसरणार नाही! जे बंद करता येत नाही त्याची वेळ टाळा. पहाटे किंवा रात्री रेकॉर्ड करा.

घुमारा कमी करायला महागडा फोम लागतोच असं नाही. आपल्या घरात त्याहून चांगल्या गोष्टी असतात: गाद्या, गोधड्या, घोंगडी, सतरंजी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, पुस्तकांचं शेल्फ. पातळ फोम फक्त वरच्या पट्टीचा आवाज शोषतो. जाड गादी त्याहून खालपर्यंत काम करते. गोधडी तुमच्या पाठीमागे आणि बाजूला टांगा, कारण माईकचं तोंड तुमच्याकडे असतं. तुमच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज तो सरळ पकडतो.

इतकं करूनही खोली सुधारत नसेल, म्हणजे दुकानाच्या माळ्यावर, हायवेला लागून किंवा पत्र्याच्या शेडमध्ये रेकॉर्डिंग करावं लागत असेल, तर प्रामाणिकपणे सांगतो: कंडेन्सर घेऊ नका. चांगला डायनॅमिक घ्या आणि तोंडापासून चार बोटांवर ठेवून बोला. हा धडा तुमच्यासाठी इथेच संपला तरी तुमचे पैसे वाचले.

"अष्टपैलू" म्हणजे तुमच्यासाठी काय?

दुकानदार प्रत्येक माईकला "ऑल राउंडर" म्हणतो. तुम्ही मात्र कागदावर तुमच्या पुढच्या वर्षभराच्या कामांची यादी करा. साधारण अशी होईल:

- कोर्सचे धडे आणि व्हॉइस ओव्हर
- रील आणि जाहिरातीचा आवाज
- दुकानाच्या फोनवर वाजणारा स्वागताचा संदेश
- ग्राहकाची किंवा पाहुण्याची समोरासमोर मुलाखत
- ऑनलाइन मीटिंग आणि वेबिनार
- कधीतरी मुलीचं गाणं, हार्मोनियम, तबला

प्रत्येक कामासमोर लिहा: आठवड्याला किती वेळा? जे काम आठवड्यातून तीनदा होतं त्यासाठी माईक निवडा. वर्षातून एकदा होतं त्यासाठी भाड्याने आणा.

डब्यावरचे आकडे कसे वाचायचे?

१. पकडण्याचा आकार. बहुतेक माईक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरून सगळ्यात जास्त आणि मागून सगळ्यात कमी ऐकतात. एकट्याने बोलण्यासाठी हाच हवा. काही माईकवर आकार बदलायचं बटण असतं. त्यात एक पर्याय सगळ्या बाजूंनी ऐकणारा असतो आणि एक इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, म्हणजे पुढून आणि मागून ऐकणारा, बाजूंनी बहिरा. समोरासमोर दोघांची मुलाखत एकाच माईकवर घ्यायची असेल तर हा आठचा आकार कामाला येतो. पण आधी यादी बघा. मुलाखती खरंच घेता का? नसाल घेत, तर त्या बटणाचे पैसे देऊ नका.

२. माईकचा स्वतःचा आवाज, म्हणजे सेल्फ नॉइज. शांत खोलीतही माईकच्या सर्किटची बारीक "श्शऽऽ" असते. हा आकडा जितका कमी तितकं चांगलं. १० डेसिबलच्या खाली म्हणजे खूपच शांत, १५ च्या आसपास चांगला, २० बोलण्यासाठी चालण्यासारखा. आता यातली व्यवहाराची गोष्ट ऐका: शहरातली आपल्याला शांत वाटणारी खोलीही साधारण ३० ते ४० डेसिबलची असते. तिथे ५ चा माईक आणि २० चा माईक यांतला फरक खोलीच्या आवाजाखालीच दबून जातो. खोली खरंच शांत असेल, किंवा हळू आवाजात गोष्टी, ध्यान, ऑडिओबुक करायचं असेल, तेव्हा हा आकडा महत्त्वाचा.

३. जास्तीत जास्त किती मोठा आवाज सहन होतो. इथे १३० डेसिबलच्या वरचा आकडा बोलण्यासाठी भरपूर झाला. ढोलकी, ताशा जवळून रेकॉर्ड करणार असाल तर पॅडचं बटण असलेला माईक बघा. हे बटण आवाज १० किंवा त्याच्या आसपास डेसिबलने खाली आणतं.

४. लो कट. साधारण ८० हर्ट्झच्या खालची घरघर कापणारं बटण. पुरुषांच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ आणि स्त्रियांचा साधारण १६५ ते २५५ हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे ८० च्या खाली कापलं तरी आवाजाचं फारसं काही बिघडत नाही. बाहेरून जाणारा ट्रक, टेबलाला लागलेला धक्का मात्र कमी होतो. हे बटण माईकवर नसेल तरी हरकत नाही, सॉफ्टवेअरमध्ये नंतरही करता येतं.

५. वरच्या पट्टीची धार. डब्यावर "२० ते २०,००० हर्ट्झ" असं जवळपास प्रत्येक जण लिहितो. त्यावरून काही कळत नाही. माहितीपत्रकातला आलेख बघा. ८,००० ते १२,००० च्या भागात मोठा उंचवटा असेल तर आवाज चमकदार वाटतो, पण "स" आणि "श" सुईसारखे टोचतात. तुमचा आवाज मुळात तीक्ष्ण असेल तर सपाट आलेखाचा माईक शोधा.

यूएसबी की एक्सएलआर?

यूएसबी माईक थेट लॅपटॉपला लागतो. वेगळं काही घ्यावं लागत नाही. एकट्या माणसाला, प्रवासात काम करणाऱ्याला, आणि "मला वायरींचं काही कळत नाही" म्हणणाऱ्याला हा योग्य.

एक्सएलआर म्हणजे तीन पिनांची जाड केबल. त्यासाठी ऑडिओ इंटरफेस नावाची पेटी लागते. ती ४८ व्होल्ट देते आणि आवाज संगणकाला समजेल असा करते. खर्च वाढतो, पण उद्या दुसरा माईक जोडायचा असेल, एखादी वस्तू बिघडली तर तेवढीच बदलायची असेल, तर हा मार्ग टिकाऊ. दोन माणसांच्या मुलाखतीचा विचार असेल तर दोन माईक लागणारा इंटरफेस आत्ताच घ्या, एकाचा घेऊन सहा महिन्यांत बदलू नका.

आणखी एक. ऑनलाइन हजाराच्या आसपास "स्टुडिओ कंडेन्सर सेट" मिळतात. स्टँड, फोम, सगळं एकत्र. त्यातले बरेच मोबाइलच्या छोट्या पिनेवर चालतात. शिकायला वाईट नाहीत, पण स्टुडिओच्या अपेक्षेने घेऊ नका.

काही माईक, उदाहरणादाखल

मी कुणाची जाहिरात करत नाही. वरचे आकडे प्रत्यक्षात कसे दिसतात ते कळावं म्हणून सांगतो. किमती बदलत राहतात, त्या तुम्हीच तपासा.

*ऑडिओ-टेक्निका एटी२०२०:* एकच कार्डिऑइड आकार, पॅड नाही, लो कट नाही. सेल्फ नॉइज २० डेसिबल, सहनशक्ती १४४. साधा, सरळ, पहिला माईक म्हणून बरेच जण घेतात. बोलण्याच्या कामाला पुरतो.

*ऑडिओ-टेक्निका एटी२०३५:* त्याच घरातला मोठा भाऊ. सेल्फ नॉइज १२ वर येतो, १० डेसिबलचा पॅड आणि ८० हर्ट्झचा लो कट मिळतो. बोलणं आणि कधीतरी वाद्य, दोन्ही करणाऱ्याला उपयोगी.

*रोड एनटी१, पाचवी पिढी:* सेल्फ नॉइज फक्त ४ डेसिबल आणि एकाच माईकवर यूएसबी व एक्सएलआर दोन्ही. आज लॅपटॉपला लावा, उद्या इंटरफेस घेतलात तरी माईक तोच. जोडणीच्या बाबतीत अष्टपैलू म्हणायचं तर हा. आकार मात्र एकच.

*रोड एनटी२-ए:* तीन आकार, पॅड, लो कट, सगळी बटणं माईकवरच. मुलाखत, गाणं, वाद्य, बोलणं अशी मिश्र यादी असेल तर बघण्यासारखा.

*एकेजी सी४१४:* नऊ आकार, तीन पातळ्यांचा पॅड, तीन पातळ्यांचा लो कट. जगभरच्या स्टुडिओंमध्ये दिसतो. आपल्यातल्या बहुतेकांना तो परवडण्याचा आणि लागण्याचा प्रश्न नाही, पण "अष्टपैलू" शब्दाचं पूर्ण रूप काय असतं ते कळावं म्हणून नाव घेतलं.

आता हिशोब

व्यवसाय करतो, तर वस्तू भावनेने घ्यायची नाही. बजेटचा नियम: एकूण रकमेतला साधारण अर्धाच भाग माईकवर. उरलेला इंटरफेस, स्टँड, पॉप फिल्टर, बंद कानांचा हेडफोन, केबल आणि खोलीवर. हेडफोन वगळू नका. हेडफोनशिवाय रेकॉर्डिंग म्हणजे चव न बघता पाचशे लोकांचा रस्सा करणं.

उदाहरण घेऊ. समजा सगळा सेट २४,००० रुपयांना पडला आणि तो तीन वर्षं, म्हणजे ३६ महिने वापरायचा आहे. महिन्याचा खर्च ६६७ रुपये.

- महिन्याला ८ व्हिडिओ केलेत तर एका व्हिडिओमागे साधारण ८३ रुपये.
- महिन्याला २ केलेत तर साधारण ३३३ रुपये.
- महिन्याला एकच केलात तर पूर्ण ६६७ रुपये.

तुमच्या गावात छोटा स्टुडिओ समजा तासाला ५०० रुपये घेतो आणि तुमचा व्हिडिओ तासात होतो, तर महिन्याला एकच व्हिडिओ करणाऱ्याने माईक विकत घेण्यात अर्थ नाही. हे तुमच्या खऱ्या आकड्यांनी करून बघा. उत्तर कागदावर येईल, दुकानदाराला विचारावं लागणार नाही.

दुकानात करायची मराठी चाचणी

माईकची तुलना करणारे बहुतेक व्हिडिओ इंग्रजीत असतात. आपल्या भाषेत भ, फ, ध, ख असे हवा सोडणारे वर्ण भरपूर आहेत. शिवाय "च" दोन प्रकारचा: "चहा"तला वेगळा आणि "चाक"मधला वेगळा. तसंच "झालं" आणि "झाड". स्वस्त किंवा न जुळणारा माईक इथेच उघडा पडतो. ही तीन वाक्यं लिहून न्या:

१. "भल्या पहाटे बापूंनी भोपळा, फणस आणि पपई पाटीत भरून बाजार गाठला."
ऐका: प, फ, ब, भ ला "धब्ब" असा हवेचा फटका येतो का?

२. "चाकाला चिखल लागला, चहा चुलीवर चढला, झाडाआड जहाज दिसेनासं झालं."
ऐका: दोन्ही "च" आणि दोन्ही "झ" वेगवेगळे ओळखू येतात का, की सगळे एकाच भरडीत जातात?

३. "सासूबाईंनी सकाळीच सव्वाशे शेंगदाण्याचे लाडू शिस्तीत संपवले."
ऐका: "स" आणि "श" कानाला टोचतात का?

प्रत्येक वाक्य आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात, मग बाजारात हाक मारल्यासारखं बोला. दुकानात चाचणी करू देत नसतील तर परत करायची मुदत देणाऱ्याकडूनच घ्या. आणि एक विनंती, माईकवर "फू फू" करून किंवा टिचक्या मारून तपासू नका. त्या पातळ पडद्याला ते सोसत नाही.

माईक घरी आल्यावर

- आधी तोंड ओळखा. मोठ्या पडद्याचे बहुतेक स्टुडिओ माईक बाजूने ऐकतात, टोकाने नाही. सहसा कंपनीचं चिन्ह किंवा खूण असते ती पुढची बाजू. शंका असेल तर फिरवून फिरवून बोला, सगळ्यात स्पष्ट आवाज येईल ती बाजू खरी.
- अंतर एक वीत. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. पॉप फिल्टर मध्ये, माईकपासून चार बोटांवर.
- माईक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता थोडा बाजूला आणि तिरका ठेवा. हवा निघून जाते, आवाज राहतो.
- फार जवळ गेलात तर कार्डिऑइड माईकमध्ये खर्ज फुगतो. रेडिओचा निवेदक झाल्यासारखं वाटतं, पण शिकवताना शब्द गढूळ होतात.
- केबल आधी जोडा, आवाजाचं बटण शून्यावर ठेवा, मग ४८ व्होल्ट चालू करा.
- सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडा. ऑडॅसिटी मोफत मिळतं, सुरुवातीला पुरे. तुमचं सगळ्यात मोठं वाक्य उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये यायला हवं. शून्याला टेकलं की आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.
- पातळी तीच ठेवून शांतता रेकॉर्ड करा. मीटर उणे ६० च्या खाली असेल तर शाब्बास. ऑडिबलच्या एसीएक्स व्यासपीठावर ऑडिओबुकसाठी हीच मर्यादा लावतात. उणे ५० च्या आसपास असेल तर परत खोलीकडे वळा.

आणि पावसाळा! कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी नीट वाचा. पडद्यावर ओल धरली की कंडेन्सर "चर्र, फट" असे आवाज काढतो. काम झालं की माईक हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. स्टँडवरच ठेवणार असाल तर निदान कापडी पिशवीने झाका. स्वयंपाकघरात ठेवू नका, तेलकट वाफ पडद्याची शत्रू.

ताईंचं पुढे काय झालं?

त्या दिवशी आम्ही नवीन काहीच विकत घेतलं नाही. आतल्या खोलीत गाद्यांची चवड होती, तिथे गेलो. त्यांच्या पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या टाकल्या. माईक फिरवून त्याचं तोंड त्यांच्याकडे केलं, एक वीत अंतर ठेवलं, पंखा बंद केला. त्यांनी कांदा-लसूण मसाल्याचा पहिला धडा बोलायला घेतला. दोन मिनिटांनी मी थांबवलं आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, हा माझाच आवाज आहे का हो?"

मी म्हटलं, "ताई, आधीपण हाच होता."

कोर्स पुढच्या दोन महिन्यांत पूर्ण झाला. माईक तोच, भिशीच्या पैशांतला.

म्हणून, मित्रांनो, रेकॉर्डिंग वाईट आलं तर सगळ्यात आधी स्वतःच्या आवाजाला नावं ठेवू नका. खोली तपासा, अंतर तपासा, माईकचं तोंड तपासा. त्यानंतरही गरज उरली तरच खिशात हात घाला.

या आठवड्याचा गृहपाठ

१. टाळीची आणि शांततेची चाचणी घरातल्या तीन वेगवेगळ्या जागी करा. सगळ्यात चांगली जागा वहीत लिहा.
२. वर्षभराच्या रेकॉर्डिंग कामांची यादी करा, प्रत्येकासमोर आठवड्याचा आकडा टाका.
३. एका व्हिडिओमागचा खर्च काढा: सेटची किंमत भागिले ३६, भागिले महिन्याचे व्हिडिओ.
४. वरची तीन वाक्यं आज आहे त्या मोबाइलवर, एक वीत अंतरावरून, गोधडीच्या आडोशाला रेकॉर्ड करा. ही तुमची "आधी"ची फाइल. माईक घेतल्यावर तुलना करायला जपून ठेवा.

चौथा गृहपाठ केल्यावर काही जणांना मोबाइलच पुरेसा वाटेल. तसं झालं तर मला आनंदच आहे. ते पैसे मालात घाला.

पुढच्या भागात बघू: रेकॉर्ड केलेला आवाज ऑडॅसिटीत दहा मिनिटांत कसा स्वच्छ करायचा. तोपर्यंत शिकत राहा, हिशोब लिहीत राहा. भेटू लवकरच!